‘रोबस्ट’ म्हणजे नुसतं मजबूत नव्हे

प्रश्न : बातम्यांत अर्थव्यवस्था ‘रोबस्ट’ असते, मुलगा आयटीत आहे तो म्हणतो आमची सिस्टीम ‘रोबस्ट’ आहे, आणि परवा डॉक्टर माझे रिपोर्ट बघून म्हणाले या वयात तब्येत ‘रोबस्ट’ आहे तुमची. डिक्शनरीत बघितलं तर ‘बळकट, जोमदार’ एवढंच दिलंय. मग स्ट्राँग आणि रोबस्ट यात फरक काय? आणि हा शब्द मुळात आला कुठून? (एक वाचक, सातारा)

उत्तर : डिक्शनरीतला अर्थ चूक नाहीये, फक्त अर्धवट आहे. अंगात ताकद किती आहे ते स्ट्राँग सांगतं, आणि मार बसला, हवा बिघडली, अंदाज चुकला तरी ती ताकद टिकते का ते रोबस्ट सांगतं. एखादा पोरगा जिममध्ये शंभर किलो उचलतो तो स्ट्राँगच, पण दर पावसाळ्यात आठवडाभर तापाने झोपून राहत असेल तर त्याच्या तब्येतीला कोणी रोबस्ट म्हणणार नाही. आणि पंचाहत्तरीची आजी जी चिकनगुनियातून उठून परत अंगणात झाडलोट करायला लागते, तिला दहा किलोची पिशवी उचलवत नसेल पण तब्येत मात्र रोबस्ट आहे. तुमच्या डॉक्टरांना हेच म्हणायचं असणार. आपल्याकडे ठणठणीत, धडधाकट हे शब्द आहेत ना, ते इथे अगदी चपखल बसतात.

आता हा टिकून राहण्याचा अर्थ शब्दात शिरला कसा, ते फार सुंदर आहे, आणि माझं मत असं की मूळ एकदा समजलं की अर्थ पाठ करावा लागत नाही. लॅटिनमध्ये ‘रोबुर’ म्हणजे ओकचं टणक लाकूड. त्यावरून विशेषण झालं ‘रोबुस्तुस’, आणि त्याचा पहिला अर्थ अगदी साधा, ओकच्या लाकडाचा बनवलेला, बस्स. आपण सागवानी दरवाजा म्हणतो तसं. मग ओकसारखा घट्ट, मग घट्ट बांध्याचा माणूस, मग नुसताच बळकट, असा तो सरकत गेला. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेला आणि इंग्रजीत साधारण १५४० च्या दशकात दिसायला लागला, म्हणजे शब्द तिथे पावणेपाचशे वर्षं जुना झाला.

रोमन लोक रोबुर हा शब्द किती सहज वापरायचे याचं एक उदाहरण जरा अंगावर येणारं आहे. रोमच्या फोरमशेजारी एक जुना तुरुंग आहे, तुल्लियानुम, आज तिथे पर्यटक जातात. त्याच्या तळघरातल्या कोठडीला रोबुर म्हणत. फेस्टुस नावाचा एक रोमन कोशकार होता, तो याचं कारण देतो की त्याआधी गुन्हेगारांना ओकच्या पेट्यांमध्ये कोंडत असत, त्यावरून ते नाव जागेला चिकटलं. म्हणजे जे लाकूड फुटत नाही, वाकत नाही, आतून कितीही धडका मारा सुटत नाही, ते रोबुर.

याच फेस्टुसने रोबुर हे नाव लाकडाला का पडलं तेही सांगितलंय. तो म्हणतो ‘रोबुस’ म्हणजे तांबडा रंग, खेड्यातले लोक तांबड्या बैलालाही रोबुस म्हणतात, आणि ज्या लाकडात त्या रंगाच्या शिरा भरपूर त्याला रोबुर नाव पडलं. हे वाचलं की आपल्याला पहिल्यांदा काय आठवतं? ढवळ्या आणि पवळ्या! ढवळा पांढरा, पवळा पोवळ्याच्या रंगाचा. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीतला शेतकरी बैलाचं नाव रंगावरून ठेवत होता आणि आपणही तेच करतो, मला या एका तपशिलाचं फार अप्रूप वाटतं. आजचे बहुतेक व्युत्पत्तीकोशही रोबुरचं नातं तांबड्या रंगाशीच लावतात. त्या मूळ धातूपासून इंग्रजी रेड आला, रुबी आला, लोखंडावरचा रस्ट आला, आणि आपल्या बाजूला संस्कृतात रुधिर आणि रोहित आले. तेव्हा रोबस्ट आणि रुधिर हे लांबचे का होईना नातेवाईक आहेत.

ओक आपल्या सह्याद्रीत नाही त्यामुळे आपल्याला तो डोळ्यासमोर येत नाही (कोकणस्थांच्या आडनावाशी याचा काही संबंध नाही, दरवेळी कोणीतरी विचारतंच म्हणून सांगून टाकतो). हिमालयात मात्र आहे, उत्तराखंडातला बांज हा ओकच. युरोपातला जो मुख्य ओक त्याला लिनिअसने १७५३ साली नाव दिलं क्वेर्कस रोबुर, म्हणजे रोमन शब्द जसाच्या तसा. हे झाड सावकाश वाढतं, काही शतकं जगतं, आणि त्याच्या गाभ्याच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं, तेच जे कडक उकळलेल्या चहात जिभेला तुरट लागतं. या टॅनिनमुळे बुरशी आणि कीड त्या लाकडाच्या वाटेला लवकर जात नाही. बघा, इथे अर्थाची गुरुकिल्ली आहे. नुसतं टणक असणं वेगळं, आणि पाण्यात, मातीत, कीड-बुरशीच्या तोंडी राहूनही उभं असणं वेगळं. ओकमध्ये दुसरी गोष्ट आहे आणि रोबस्टमध्येही तीच आलीय.

इंग्रजांची सगळी आरमारी ताकद या लाकडावर उभी होती. नेल्सनचं प्रसिद्ध जहाज एचएमएस व्हिक्टरी, १७६५ ला पाण्यात सोडलेलं, ते मुख्यतः ओकचं. पण ओकचीही एक अडचण आहे, त्यातलं टॅनिन कीड दूर ठेवतं पण लोखंडी खिळे आणि बोल्ट खाऊन टाकतं, आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्लंडात चांगला ओक मिळेनासाही झाला होता. मग मुंबईच्या गोदीत वाडियांकडून सागवानी जहाजं बांधून घेतली गेली. सागात तेल असतं त्यामुळे लोखंड गंजत नाही. त्यातलंच एचएमएस त्रिंकोमाली, १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईत पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला ते अजून तरंगतंय, व्हिक्टरी मात्र १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. शब्द ओकवरून आला पण टिकण्याच्या परीक्षेत आपला साग पुढे गेला, हे इथल्या वाचकांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

लाकडाच्या गाभ्यावरून माणसाच्या ताकदीकडे जायची वाट आपल्याकडेही आहे बरं का. संस्कृतात ‘सार’ म्हणजे झाडाच्या खोडातला गाभा, आणि सार म्हणजे बळही. आयुर्वेदात वैद्य रोग्याची सार-परीक्षा करतात, शरीरातला कुठला धातू (रस, रक्त, मांस वगैरे) किती सकस आहे ते बघतात. आपण आता सार म्हटलं की आमसुलाचं सार नाहीतर धड्याचा सारांश एवढंच आठवतो पण त्या शब्दाच्या पोटात झाडाचा गाभा आहे. आणि रोमन कवी होरेस एका कवितेत म्हणतो की ज्या माणसाने पहिल्यांदा नाजूक होडी समुद्रात लोटली त्याच्या छातीभोवती रोबुर आणि तिहेरी काशाचं कवच असलं पाहिजे. इथे रोबुर म्हणजे लाकूड की हिंमत? दोन्ही, आणि म्हणूनच ती ओळ इतकी शतकं लोकांच्या लक्षात आहे.

एक गोष्ट राहिली, इंग्रजीत रोबस्ट कायम कौतुकाचाच शब्द होता असं नाही. आधी त्यात आडदांड, धसमुसळा अशी छटाही होती. त्याचाच भाऊ ‘रोबस्टियस’, तो शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये येतो, स्टेजवर घसा फाडून ओरडणाऱ्या नटाला हॅम्लेट तो शब्द लावतो आणि अशा नटाला चाबकाने फोडावं म्हणतो. ती छटा आता जवळजवळ गेली, थोडीशी राहिलीय ती पुढे एका प्रश्नात येईलच.

प्रश्न : मी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला आहे. सर म्हणाले मीडियन रोबस्ट असतो, मीन नसतो. आकड्याला कसली आलीय ताकद? (विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : ताकद नाही पण टिकाव आहे! कागद घ्या आणि पाच पगार लिहा : २० हजार, २५ हजार, ३० हजार, ३५ हजार, ४० हजार. सरासरी म्हणजे मीन आला ३० हजार, आणि मधला आकडा म्हणजे मीडियनही ३० हजार. आता टाइप करणाऱ्याने शेवटच्या पगारात एक शून्य जास्त मारलं, ४० हजाराचे ४ लाख झाले. बेरीज झाली ५ लाख १० हजार, मीन एकदम १ लाख २ हजारावर गेला, म्हणजे पाचातल्या कोणालाच जो मिळत नाही असा पगार ‘सरासरी’ ठरला. आणि मीडियन? जागचा हलला नाही, ३० हजारच. एका चुकीच्या शून्याने मीनचा पार निकाल लागला आणि मीडियनने तो धक्का सोसला, म्हणून मीडियन रोबस्ट.

स्टॅटिस्टिक्समध्ये हा शब्द या अर्थाने आणला जॉर्ज बॉक्स यांनी, १९५३ च्या एका शोधनिबंधात. त्यांना हे बघायचं होतं की एखादी चाचणी ज्या गृहीतकांवर उभी आहे ती थोडी मोडली, डेटा पुस्तकात असतो तसा छान घंटेच्या आकाराचा नसला, तरी चाचणीचा निकाल भरवशाचा राहतो का. खऱ्या जगातला डेटा कधीच पुस्तकातल्यासारखा नसतो हे तुम्हाला प्रोजेक्ट करताना कळेलच.

साताऱ्याच्या वाचकांचा मुलगा सिस्टीम रोबस्ट म्हणतो तेही हेच. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरच्या जागी कोणी नाव टाकलं, मधेच नेट गेलं, एकाच वेळी दहापट लोक आले, तरी जे सॉफ्टवेअर कोलमडत नाही, फार तर ‘परत प्रयत्न करा’ म्हणतं आणि आधी भरलेली माहिती सांभाळून ठेवते, ती रोबस्ट सिस्टीम. फास्ट असणं वेगळं. इंटरनेटच्या जडणघडणीतले एक मोठे इंजिनिअर जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्येच एक नियम लिहून ठेवला होता, त्याला पुढे रोबस्टनेसचं तत्त्वच म्हणायला लागले : आपण दुसऱ्याला पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याकडून घेताना उदार राहा. म्हणजे समोरून थोडं वाकडंतिकडं आलं तरी समजून घ्या पण आपण पाठवू ते शिस्तीत. अलीकडे काही इंजिनिअर म्हणतात की या उदारपणामुळे चुका वर्षानुवर्षं खपून जातात, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण इंटरनेट वाढायच्या काळात या नियमाचा उपयोग झाला हे कोणी नाकारत नाही.

प्रश्न : कूर्गहून कॉफी आणली, पाकिटावर लिहिलंय अर्धी अरेबिका अर्धी रोबस्टा. रोबस्टा म्हणजे जास्त स्ट्राँग कॉफी असं समजायचं का? बाजारात केळंही रोबस्टा नावाचं मिळतं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कपात ती स्ट्राँग लागते हे खरंय, कॅफिन अरेबिकाच्या साधारण दुप्पट असतं आणि चवही जरा कडवट, जाड. पण नाव चवीवरून पडलेलं नाही, झाडावरून पडलंय.

गोष्ट श्रीलंकेत सुरू होते, तेव्हाचं सिलोन. तिथे इंग्रजांचे कॉफीचे मोठमोठे मळे होते, सगळी अरेबिका. १८६९ मध्ये तिथे पानांवर एक रोग दिसला, पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके, बोट फिरवलं की बोटाला रंग लागतो, मग पानं गळतात आणि झाड उघडं पडतं. आपल्या गहू किंवा सोयाबीन करणाऱ्या शेतकऱ्याला मी हे वर्णन ऐकवलं तर तो लगेच म्हणेल, अहो हा तर तांबेरा! अगदी तोच, म्हणजे कॉफीवरचा तांबेरा, हेमिलिया व्हास्टॅट्रिक्स नावाची बुरशी. वीसेक वर्षांत सिलोनची कॉफी बसली आणि मळेवाले चहाकडे वळले, आज आपण सिलोनचा चहा म्हणतो त्याच्यामागे हा तांबेरा आहे. जावा बेटावर डचांच्या मळ्यांनाही तोच फटका बसला. अशा वेळी १९०० च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका रोपवाटिकेने काँगोतून आलेली कॉफीची रोपं रोबस्टा या नावाने विकायला काढली. गरम हवेत, कमी उंचीवर वाढणारी आणि तांबेऱ्याला अरेबिकापेक्षा कितीतरी जास्त दाद न देणारी. शास्त्रीय नाव कॉफिया कॅनेफोरा आहे पण लोकांच्या तोंडी रोबस्टाच राहिलं. भारतात आज अरेबिकापेक्षा रोबस्टाच जास्त पिकते, कूर्ग आणि वायनाडच्या बाजूला बघाल तिकडे तीच.

आणि आता वरची तांबड्या रंगाची गोष्ट आठवा. रोमन लोक गव्हावरच्या तांबेऱ्याला ‘रोबिगो’ म्हणत, त्याची एक देवताही होती रोबिगस, पिकावर कोपू नये म्हणून २५ एप्रिलला रोबिगालिया नावाचा सण करून कुत्र्याचा बळी देत. रोबुर आणि रोबिगो दोन्ही त्याच तांबड्या मुळाचे मानतात. म्हणजे तांबेऱ्याला पुरून उरली म्हणून जिला रोबस्टा म्हटलं, त्या नावाचं आणि त्या रोगाच्या लॅटिन नावाचं कूळ एकच. नाव देणाऱ्याच्या डोक्यात हे असेल असं मला वाटत नाही, पण भाषेत असे योग येतात आणि ते सापडले की दिवस चांगला जातो.

केळ्याचं म्हणाल तर रोबस्टा ही कॅव्हेंडिश गटातली जात, आपली बसराई, ग्रँड नैन याच गटातल्या. एकूणच झाडाझुडपांच्या नावात रोबस्टा शेपटासारखं खूप ठिकाणी लागतं. साल वृक्षाचं शास्त्रीय नाव शोरिया रोबस्टा, त्यातलं शोरिया हे १७९३ साली गव्हर्नर जनरल झालेल्या सर जॉन शोर यांच्यावरून, आणि रोबस्टा त्याच्या लाकडासाठी अगदी शोभतं, रेल्वेचे स्लीपर त्याचे करत. कान्हाच्या जंगलात गेलात तर सरळसोट उभी झाडं दिसतात ती हीच, धुपात घालतात ती राळही याचीच. कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाला ‘शालप्रांशु’ म्हटलंय, सालासारखा उंच. आपल्या कवीला बळकट राजासाठी जे झाड सुचलं त्याच झाडाला युरोपच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोबस्टा म्हणावं, यापेक्षा चांगली साक्ष कुठली?

उलट सिल्व्हर ओक, तो ऑस्ट्रेलियाचा, ग्रेव्हिलिया रोबस्टा. कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात, मिरीचा वेल त्याच्यावर चढवतात, आपल्याकडे बंगल्यांच्या कडेला असतो. तो ओक नाही, आणि वादळात फांद्या पटकन मोडतात त्यामुळे फार रोबस्टही नाही, फक्त त्याच्या गटात सगळ्यात मोठा वाढतो.

रोबस्टा का, रोबस्ट का नाही असं काहीजण विचारतात. लॅटिनमध्ये विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, आपल्या मोठा, मोठी, मोठंसारखं : रोबुस्तुस, रोबुस्ता, रोबुस्तुम. झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी म्हणून रोबस्टा. दक्षिण आफ्रिकेत क्रोमड्राय इथे एका शाळकरी मुलाला सापडलेल्या जीवाश्मावरून रॉबर्ट ब्रूम यांनी १९३८ मध्ये आदिमानवाच्या एका जातीला पॅरान्थ्रोपस रोबस्टस नाव दिलं, तिथे पुल्लिंगी. त्याचं शरीर काही राक्षसी नव्हतं, पण जबडा आणि दाढा मात्र अवाढव्य, कठीण बिया-कंद चावायला केलेल्या, म्हणून रोबस्टस.

प्रश्न : व्हिगरस आणि स्टर्डी हेही ‘बळकट’च ना? कुठे कुठला वापरायचा? (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : नाशिकहून प्रश्न आलाय तर द्राक्षबागेतूनच उत्तर देतो. छाटणीनंतर वेल सरसर वाढतोय, फुटवे भराभर येतायत, पानं मोठीमोठी, याला बागायतदार जोमदार वाढ म्हणतो आणि इंग्रजीत ती व्हिगरस. पण नत्र जास्त होऊन असाच दाट कोवळा पाला झाला आणि वर ढगाळ हवा आली की डाऊनी हा बुरशीचा रोग आधी याच बागेत शिरतो. म्हणजे बाग व्हिगरस आहे, रोबस्ट नाही. व्हिगरसमध्ये हालचाल आहे, उसळी आहे, एनर्जी आहे, सोसण्याची हमी त्यात नाही. व्हिगरस एक्सरसाइज म्हणतात, रोबस्ट एक्सरसाइज म्हणत नाहीत, ते यामुळेच.

व्हिगरचं मूळ लॅटिन ‘विगेरे’, जिवंत असणं, तरतरीत असणं. याच कुळात विजिल म्हणजे जागता पहारा, इंग्रजी वेक आणि वॉचही, आणि गंमत म्हणजे व्हेजिटेबलही, कारण त्याचा मूळ अर्थ जे वाढू शकतं, ज्याच्यात जीव आहे ते. संस्कृतात याच मुळाचे दोन शब्द सांगतात, ‘वाज’ म्हणजे बळ आणि इंद्राचं ‘वज्र’. वाजवरून वाजी म्हणजे घोडा, आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांतलं वाजीकरण. मुलींना वर्गात व्हिगरस शिकवताना वज्राची आठवण करून दिलीत तर शब्द विसरणार नाहीत त्या.

स्टर्डीची चाल मात्र पार वेगळी. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तूर्दी’ म्हणजे डोकं गरगरलेला, भानावर नसलेला. इंग्रजीत आला तेव्हा स्टर्डी म्हणजे बेफाम, कोणाला न जुमानणारा, मग हटवादी, मग न हलणारा, आणि त्यातून आजचा दणकट. जुना अर्थ एका ठिकाणी शिल्लक राहिला, मेंढ्यांच्या मेंदूत एका प्रकारच्या फीतकृमीची गाठ होते आणि मेंढी एकाच जागी गोल गोल फिरायला लागते, त्या रोगाला इंग्रजीत स्टर्डी असंच नाव आहे. वापरायचा झाला तर वस्तूला आणि बांध्याला वापरा, स्टर्डी टेबल, स्टर्डी बूट. चार पायांवर घट्ट उभं असलेलं, न डुगडुगणारं.

प्रश्न : कोर्टात ‘कॉरोबोरेट’ हा शब्द रोज ऐकतो. त्यातला ‘रोबो’ हा रोबोट की रोबस्ट? (वकील, लातूर)

उत्तर : रोबस्ट. रोबोट चेक भाषेतून आला, तिथे ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगार, त्याचा इथे संबंध नाही. कॉरोबोरेटमध्ये लॅटिन ‘रोबोरारे’ आहे, म्हणजे रोबुरसारखं घट्ट करणं. पूर्वी इंग्रजीत औषधाने शरीर कॉरोबोरेट करतात असंही म्हणत, आज तो मुख्यतः पुराव्यासाठी वापरतात. एका साक्षीदाराचं म्हणणं दुसऱ्या पुराव्याने पक्कं करणं, १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५७ मध्ये तो याच अर्थाने होता, आता १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आलाय. मराठीत आपण पुष्टी देणे, दुजोरा देणे म्हणतो. पुष्टीत पुष्ट शरीर आहे आणि दुजोऱ्यात जोर तर सरळ दिसतोच, म्हणजे शब्द घडवताना आपल्या लोकांनीही पुरावा हा अंगाने धरायचा विषय मानला.

प्रश्न : ऑफिसात भाषांतराचं काम करतो. ‘रोबस्ट’ आलं की सगळे ‘मजबूत’ टाकतात. चालतं का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : चालवून घेतात, पण चांगलं नाही. रोबस्ट मेकॅनिझमला सरकारी मराठीत ‘सक्षम यंत्रणा’ म्हणतात, त्यात काम करायची क्षमता येते पण अडचणीत टिकायची नाही, मी ‘भक्कम यंत्रणा’ घेईन. माणसाच्या तब्येतीला ठणठणीत, स्वभावाला कणखर. बारीक अंगाचा पण दमणार नाही असा असेल तर काटक, हा शब्द आपल्याकडे आहे. रोबस्ट ग्रोथला ‘दमदार वाढ’ छान बसतं, त्यात दम आहे, लांबपर्यंत टिकण्याची सूचना आहे. सॉफ्टवेअरला एक शब्द शोधत बसू नका, ‘चुकीची माहिती आली तरी बंद न पडणारी प्रणाली’ असं सरळ लिहा, वाचणाऱ्याला कळेल. वाइन किंवा कॉफीच्या चवीला ‘कडक’ किंवा ‘भरदार’. आणि दोन देशांच्या बैठकीनंतर पत्रकात ‘रोबस्ट एक्स्चेंज ऑफ व्ह्यूज’ झालं असं आलं तर तिथे तो शेक्सपिअरच्या वेळचा जुना धसमुसळा अर्थ डोकावतोय हे ध्यानात घ्या, मजबूत विचारविनिमय वगैरे लिहू नका, बैठकीत चांगलीच खडाजंगी झालेली असते.